ग्रीक भाषा नेमकी कोणाच्या जवळची? संस्कृतच्या, लॅटिनच्या की आणखी कोणाच्या?

मृगनक्षत्र:

नमस्कार मंडळी,

सध्या प्राचीन ग्रीक शिकतेय आणि व्याकरणाचं पुस्तक उघडलं की दर दोन पानांनी संस्कृत आठवतं. अंकांचं बऱ्याच जणांना माहिती असतं, पेंते म्हणजे पाच, हेप्ता म्हणजे सात, ओक्तो म्हणजे आठ, देका म्हणजे दहा. पण होमरच्या शब्दसूचीत नवऱ्याच्या भावाला दाएर, मुलाच्या बायकोला नुओस आणि सासऱ्याला हेकुरोस असे शब्द सापडले, आणि कोशात त्यांच्या शेजारी संस्कृत देवर, स्नुषा, श्वशुर दिलेत, म्हणजे आपले दीर, सून आणि सासरा! इतकी घरातली नाती कोणी परक्या भाषेतून सहसा उसनी घेत नाही, त्यामुळे नातं खरंच आहे हे पटलं. पण ते नातं कसलं, हे काही केल्या कळत नाहीये.

एका ठिकाणी वाचलं की ग्रीक आणि लॅटिन या सख्ख्या बहिणी. दुसरीकडे वाचलं की ग्रीक क्रियापद थेट संस्कृतच्या वळणाचं आहे आणि लॅटिन त्यात बसत नाही. तिसरीकडे कोणीतरी आर्मेनियनला सगळ्यात जवळची म्हणतं, ज्याचा मी कधी विचारही केला नव्हता. त्यात पुन्हा शंभरच्या शब्दावरून पाडलेले ते ‘केंतुम’ आणि ‘सतम’ असे दोन गट, त्यात ग्रीक लॅटिनच्या बाजूला आणि संस्कृत पलीकडे. मग खरं काय धरायचं? आणि सारखे दिसणारे शब्द मूळचेच सारखे की नंतर इकडून तिकडे गेलेले, हे ओळखायचं कसं? उदाहरणार्थ थेओस म्हणजे देव, लॅटिनमध्ये देउस, संस्कृत देव, हे तिन्ही एकच ना?

सविस्तर लिहिलंत तर फार बरं होईल, घाई नाही.

ध्वनिवेध:

मृगनक्षत्र ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण बाकी सगळ्याची किल्ली त्यातच आहे. देव आणि देउस एकाच मुळाचे, पण थेओस त्यांचा कोणीही नाही. ऐकायला सगळ्यात सारखा वाटतो आणि नेमका तोच बाहेरचा.

का ते सांगतो. मूळ भाषेतला (म्हणजे या सगळ्या भाषांची जी एक आई मानली जाते तिच्यातला) द ग्रीकमध्ये दच राहतो, दहा चं देका, दोन चं दुओ, दाताचं ओदोन्त. ग्रीक थ येतो तो मूळच्या ध पासून. धूम पाहा, ग्रीकमध्ये थूमोस (अर्थ मात्र सरकून मन, आवेश असा झालाय), मधु चं मेथु, दधामि चं तिथेमि. म्हणजे थेओसला संस्कृतात जोडीदार शोधायचा तर तो ध ने सुरू व्हायला हवा, द ने नाही. देव चा खरा ग्रीक नातेवाईक म्हणजे झेउस. त्याची षष्ठी दिओस, जुनी दिवोस, संस्कृतात द्यौः आणि दिवः. झेउ पातेर, द्यौष्पितर आणि लॅटिनचा युपितेर हे एकच संबोधन तीन भाषांत जपलं गेलंय.

तर भाषांचं नातं दिसण्यावर ठरत नाही, नियमावर ठरतं. आणि नियम पाळले की दोन शब्द दिसायला कितीही वेगळे असले तरी चालतं. आर्मेनियनमध्ये दोन ला एर्कु म्हणतात. दुओ, द्वि, एर्कु, कोणाचा विश्वास बसेल? पण मूळ द्व- ने सुरू होणारे आणखी शब्दही आर्मेनियनमध्ये एर्क- नेच सुरू होतात, त्यामुळे ते पक्कं धरलं जातं.

आता ग्रीकचे मुख्य बदल सांगतो, हे डोक्यात बसले की कोश वाचायला वेगळीच मजा येते. शब्दाच्या सुरुवातीला स आणि पुढे स्वर असेल तर त्या स चा ह होतो, सप्त-हेप्ता, सर्पति-हेर्पेइ. तुमच्या सासऱ्याच्या शब्दातही मुळात सुरुवातीला स्व- होतं, लॅटिन सोकेर मध्ये स दिसतो, ग्रीकमध्ये त्याचा ह झाला, संस्कृतात पुढच्या श च्या प्रभावाने तो श बनला आणि मराठीत येईपर्यंत पुन्हा सासरा. घोष महाप्राण म्हणजे आपले भ, ध, घ, ते ग्रीकमध्ये फ, थ, ख झाले, भरामि चं फेरो. इथे एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे, प्राचीन अथेन्समध्ये हा फ इंग्रजी एफसारखा नव्हता, आपण ‘फळ’ म्हणताना ओठ मिटून जो फ काढतो तो होता, आणि थ आपल्या ‘थंड’ मधला. म्हणजे मराठी बोलणाऱ्याला अभिजात ग्रीकचे हे उच्चार आयते येतात, पुस्तकातल्या आधुनिक उच्चारांकडे बघून ते बिघडवून घेऊ नका.

सगळ्यात गंमतशीर वागणूक मूळच्या ‘क्व’ ध्वनीची. लॅटिनने तो जवळपास तसाच ठेवला, संस्कृतात त्याचा क किंवा च झाला, आणि ग्रीकमध्ये पुढचा स्वर बघून कधी प, कधी त, कधी क. म्हणून चार ला लॅटिन क्वात्तुओर, संस्कृत चत्वारः, ग्रीक तेस्सारेस. पाच ला क्विंक्वे, पंच, पेंते. त्याच्याच घोष भावाचा, म्हणजे ‘ग्व’ चा, ब होतो, गौः-बोउस आणि गम्-बाइनो.

आणि हे सगळं नुसतं मागून रचलेलं गणित नाही, याचा पुरावा मातीतून निघाला. क्रीटमधल्या क्नोसोसला आणि ग्रीसच्या मुख्य भूमीवर पिलोसला मातीच्या पाट्या सापडल्या होत्या, लिनियर बी नावाच्या लिपीतल्या, साधारण इ.स.पू. १४०० ते १२०० च्या. मायकेल व्हेंट्रिस या वास्तुविशारदाने १९५२ मध्ये ती लिपी उलगडली, ॲलिस कोबर यांनी आधी करून ठेवलेलं काम त्याच्या कामी आलं आणि पुढे जॉन चॅडविक सोबतीला आले. तर त्या पाट्यांमध्ये गुराख्याला पुढच्या ग्रीकसारखं बोउकोलोस न लिहिता को-उ-को-रो असं लिहिलंय, आणि त्यातलं पहिलं चिन्ह साधं को नाही, क्व-ग्व या जुन्या ध्वनीसाठी ठेवलेलं वेगळं चिन्ह आहे. म्हणजे होमरच्या कितीतरी आधी तो ध्वनी जिवंत होता! लिपी उलगडायच्या आधीच विद्वानांनी हा ध्वनी असणार असं तुलनेवरून सांगून ठेवलं होतं.

तुमच्या मूळ प्रश्नाचं थोडक्यात उत्तर म्हणजे ग्रीक ही इंडो-युरोपियन कुटुंबातली स्वतंत्र शाखा आहे, तिच्या शाखेत ती आणि तिच्या बोली एवढंच. लॅटिन तिची सख्खी बहीण नाही, संस्कृतही नाही.

रानवारा:

लेख म्हणून जपून ठेवावा असा प्रतिसाद. पण मला एक प्रामाणिक शंका आहे. यातल्या प्रत्येक उदाहरणात संस्कृत शब्द ठेवला की बाकीचे त्यावरून समजतात. भ, ध, घ संस्कृतात शाबूत आहेत, ग्रीकमध्ये बदलले. स शाबूत आहे, ग्रीकमध्ये ह झाला. मग संस्कृतलाच मूळ मानायला हरकत काय? ही एक ‘मूळ भाषा’ वेगळी मानायची गरज का पडते, जिचा एकही शिलालेख नाही?

शब्दवेडी:

रानवारा, प्रश्न अगदी रास्त आहे आणि एकोणिसाव्या शतकातल्या मोठमोठ्या अभ्यासकांचाही कल बराच काळ तसाच होता, निदान स्वरांच्या बाबतीत. व्यंजनांचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे, विशेषतः घोष महाप्राणांच्या बाबतीत संस्कृतइतकं जपलेलं दुसरं कोणी नाही. पण स्वरांकडे बघा, तिथे सगळं उलटं होतं.

ग्रीकमध्ये अ, ए, ओ असे तीन वेगळे ऱ्हस्व स्वर आहेत, संस्कृतात त्या तिन्हींच्या जागी बहुधा एकटा अ. आधी लोकांना वाटायचं की अ हाच मूळ आणि युरोपातल्या भाषांनी त्याचे तीन तुकडे केले. मग १८७० च्या दशकात अनेकांच्या जवळजवळ एकाच वेळी लक्षात आलं की संस्कृतातच याचा उलटा पुरावा लपलेला आहे. संस्कृतात एकाच मुळाला कधी क येतो आणि कधी च, कधी ग आणि कधी ज. कधी कुठला? ‘आणि’ या अर्थाचा च घ्या, ग्रीकमध्ये ते, लॅटिनमध्ये क्वे, दोन्हीकडे ए. जिथे ग्रीक-लॅटिनमध्ये ए आहे तिथे संस्कृतात च किंवा ज होतो, जिथे ओ आहे तिथे क किंवा ग राहतो. म्हणजे एकेकाळी संस्कृतच्या पूर्वजाकडेही ए होता, त्याच्यामुळे क तालव्य होऊन च झाला आणि मग तो ए स्वतः अ मध्ये विरघळला, मागे आपली खूण ठेवून!

आता तुम्हाला शाळेपासून पाठ असलेलं रूप आठवा, चकार. आणि जगाम. द्वित्व करताना, म्हणजे धातूचं पहिलं अक्षर पुन्हा पुढे लावताना, क चा च आणि ग चा ज का होतो हे कोणी शाळेत सांगत नाही, नियम म्हणून पाठ करायचं. कारण ग्रीकमध्ये उघड दिसतं, तिथे द्वित्वाचा स्वर ए असतो आणि धातूचा ओ, देदोर्का (मी पाहिलंय) हे संस्कृत ददर्श चं जुळं भावंड. तसंच चकार मुळात ‘के-कोर’ सारखं काहीतरी होतं, पहिल्या क पुढे ए म्हणून च, दुसऱ्यापुढे ओ म्हणून क तसाच. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा कितीतरी वेळ मी एकेक रूप काढून तपासत बसले होते, इतकं ते सुंदर आहे. संस्कृतच्या स्वतःच्या व्याकरणातलं कोडं ग्रीकशिवाय सुटत नाही.

दुसरं उदाहरण याहून सरस. संस्कृतात स्था चं स्थित, धा चं हित, दोन्हीकडे मध्ये इ, आणि दा चं वैदिक भूतकाळी रूप अदित, त्यातही इ च. ग्रीकमध्ये याच तिघांची रूपं स्तातोस, थेतोस, दोतोस, अ ए ओ असे तीन वेगळे स्वर. म्हणजे संस्कृतने तीन वेगळ्या गोष्टी एकीत गोळा केल्या. या तीन गोष्टी म्हणजे मुळात काही हरवलेले ध्वनी असणार असं फर्दिनां द सोस्यूर या स्विस भाषाशास्त्रज्ञाने १८७८ च्या शेवटी छापलेल्या प्रबंधात निव्वळ तर्काने मांडलं, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. पुढे १९१५ मध्ये हित्ती ही आजच्या तुर्कस्तानातली प्राचीन भाषा इंडो-युरोपियन आहे हे ह्रोझ्नी याने दाखवलं, आणि १९२७ मध्ये कुरिलोविच याने दाखवून दिलं की सोस्यूरने सांगितलेल्या जागांवर हित्तीत खरोखर ख सारखा ध्वनी लिहिलेला आहे. हाडाला संस्कृत अस्थि, ग्रीक ओस्तेओन, हित्ती खास्ताइ.

म्हणून मूळ भाषा मानावी लागते. संस्कृतने व्यंजनं सांभाळली, ग्रीकने स्वर सांभाळले, हित्तीने दोघींनी टाकलेलं थोडं सांभाळलं. यातली कुठलीही एक आई मानली तर दुसरीकडची माहिती आली कुठून याचं उत्तर देता येत नाही. यात संस्कृतला कमीपणा कुठे आहे? उलट ती नसती तर हे शास्त्र इतक्या लवकर उभंच राहिलं नसतं.

आणि मराठीशी जोडलेली एक गोष्ट, जी फार कमी लोकांना माहिती असते. १७८६ मध्ये कलकत्त्याला विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच उगमातून आल्या असाव्यात असं म्हटलं तिथून सगळे या विषयाची सुरुवात धरतात. पण त्याच्या दोनशे वर्षं आधी, १५८३ मध्ये, गोव्यातून भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे असं लिहिणारा जेझुइट पंथाचा ख्रिस्ती धर्मगुरू म्हणजे थॉमस स्टीफन्स, आपल्या मराठी ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर स्टीफन्स! ते पत्र छापलं गेलं थेट विसाव्या शतकात.

रानवारा:

चकार-जगामचं पटलं. म्हणजे आपण पाठ केलेलं रूपच साक्षीदार निघालं. धन्यवाद, आता हित्तीबद्दल वाचतो.

पैलतीर:

आर्मेनियनचा मुद्दा राहिलाय, तो मी घेतो, कारण माझा तोच आवडीचा भाग आहे.

आधी केंतुम-सतम हे बाजूला ठेवा. शंभरला ग्रीक हेकातोन, लॅटिन केंतुम, संस्कृत शतम्, यावरून पश्चिमेच्या क वाल्या आणि पूर्वेच्या श वाल्या असे दोन गट पाडले गेले. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आजच्या पश्चिम चीनमधल्या तारिम खोऱ्यात तोखारियन भाषेची हस्तलिखितं सापडली आणि ती इतक्या पूर्वेला असून क वाली निघाली. मुळात क तसाच ठेवणं म्हणजे काही न करणं, आणि दोघींनी काही केलं नाही यावरून दोघी जवळच्या ठरत नाहीत. जवळीक ठरते ती दोघींनी मिळून केलेल्या नव्या गोष्टींवरून. हे वाक्य लक्षात ठेवा, अर्धे वाद त्यानेच मिटतात. त्यातही पुन्हा एक खोच आहे, नवा बदल दोघींमध्ये आपापला पण घडू शकतो. स चा ह घ्या, इराणी भाषांमध्येही होतो, अवेस्ता या पारशी धर्मग्रंथात सात ला हप्त, वेल्शमध्ये मिठाला हालेन आणि ग्रीकमध्ये हाल्स. म्हणून कोणी ग्रीक आणि वेल्शला एका घरात बसवत नाही, हा बदल जगात कुठेही होतो.

असाच चकवा ग्रासमानच्या नियमात आहे. हेर्मान ग्रासमान मूळचा गणितज्ञ, त्याने १८६३ मध्ये दाखवलं की संस्कृत आणि ग्रीक दोन्हींत एका शब्दात लागोपाठ दोन महाप्राण आले की पहिला अल्पप्राण होतो, म्हणजे त्यातला ह गळतो, धधामि न होता दधामि, थिथेमि न होता तिथेमि. वाटतं की वा, दोघींनी मिळून केलेला बदल! पण नाही. बुध् धातू मुळात भ ने सुरू व्हायचा. संस्कृतात त्याचा ब झाला, बोधति. ग्रीकमध्ये पेउथोमाइ, म्हणजे प झाला. हा नियम दोघी एकत्र असताना लागला असता तर ग्रीकमध्येही ब दिसला असता. प दिसतो याचा अर्थ ग्रीकने आधी भ चा फ केला आणि नंतर त्या फ चा प, म्हणजे वेगळं झाल्यावर, स्वतंत्रपणे.

मग खरी जवळीक कुठे? भूतकाळाच्या रूपाआधी लागणाऱ्या अ मध्ये, ज्याला आपण अडागम म्हणतो. संस्कृत अभरत्, ग्रीक एफेरे, आर्मेनियन एबेर. तिन्हींचा अर्थ एकच, त्याने वाहून नेलं. हा आगम भारतीय, इराणी, ग्रीक, आर्मेनियन आणि फ्रिजियन एवढ्यांतच मिळतो, लॅटिनमध्ये नाही, जर्मानिकमध्ये नाही, स्लाव्हिकमध्ये नाही, हित्तीतही नाही. निषेधाचा मा सुद्धा असाच, ‘मा गमः’ मधला मा, ग्रीकमध्ये मे, आर्मेनियनमध्ये मि. मृगनक्षत्र ताई, तुम्हाला जे क्रियापद संस्कृतच्या वळणाचं वाटलं ते यामुळे. त्यावरून या भाषा एकेकाळी शेजारी होत्या असं बरेच जण मानतात. एका आईच्या पोटच्या दोघी आणि मग फाटा, असं चित्र मात्र मला पटत नाही, एका पट्ट्यात राहणाऱ्या बोली आणि त्यांच्यात पसरत गेलेले बदल हे जास्त खरं वाटतं. योहानेस श्मिटने १८७२ मध्ये मांडलेली लाटांची कल्पना हीच.

ग्रीक आणि आर्मेनियन यांच्यात आणखी एक साम्य आहे. माणसाला संस्कृत नर, ग्रीक आनेर, आर्मेनियन आइर. नावाला नाम, ओनोमा, अनुन. ताऱ्याला वेदात स्तृ, ग्रीक आस्तेर, आर्मेनियन आस्त्ल. दोघींमध्ये शब्दाच्या पुढे एक स्वर उभा आहे. शब्दवेडी ताईंनी वर सांगितलेल्या हरवलेल्या ध्वनींचाच हा माग आहे, हित्तीत तारा खास्तेर आहे. आंतोन मेइए आणि होल्गर पेदेर्सेन यांच्यापासून लोक ग्रीक-आर्मेनियन विशेष नात्याबद्दल लिहित आलेत, पण दोघींची मिळून एक शाखा होती का यावर अजून एकमत नाही. आर्मेनियनमध्ये इराणी उसने शब्द इतके आहेत की १८७५ पर्यंत तिला इराणीच समजत होते, ह्युब्शमान याने त्या वर्षी उसने शब्द बाजूला काढून ती स्वतंत्र शाखा आहे हे दाखवलं. मूळच्या मोजक्या शब्दांवर नातं ठरवायचं म्हणजे अवघडच.

माझ्या मते ग्रीकची सगळ्यात जवळची भाषा फ्रिजियन असावी, आजच्या तुर्कस्तानात बोलली जायची, मिदास राजाची. त्याच्या नावाच्या खडकात कोरलेल्या प्रचंड स्मारकावर त्याला ‘लावाग्ताएइ वानाक्तेइ’ म्हटलंय. आणि पिलोसच्या पाट्यांवर राजाला वानाक्स आणि सेनापतीला लावागेतास! हे शब्द ग्रीककडून फ्रिजियनने घेतले की दोघींच्या जुन्या साठ्यातले, यावर वाद आहे, पण नुसते शब्द नाहीत, अडागम आहे, नावाला ओनोमान आहे. दुर्दैवाने शिलालेख थोडे आणि छोटे, बरेचसे थडग्यांवरचे शाप.

मृगनक्षत्र:

काय लिहिलंय सगळ्यांनी! पेउथोमाइ-बोधति आत्ता वहीत उतरवून घेतलं. आता उसन्या शब्दांचं कोणीतरी सांगा ना. केंद्र आणि होरा हे ग्रीक आहेत हे ऐकून होते, पण मूळ एक आणि उसना यात फरक कागदावर कसा दाखवायचा?

ध्वनिवेध:

होराच घ्या, फार चांगलं उदाहरण. ग्रीक होरा म्हणजे ऋतू, वेळ, तास. त्यातला ह हा मूळच्या य पासून आलाय, इंग्रजी ‘इयर’ त्याच घरातला. जसं संस्कृत यः ला ग्रीक होस. म्हणजे हा शब्द संस्कृतात वारसाने आला असता तर य ने सुरू झाला असता. ह ने सुरू होतो याचा अर्थ ग्रीकमध्ये य चा ह होऊन गेल्यावर, ज्योतिषाबरोबर, तयार शब्द उचलला. केंद्र म्हणजे केंत्रोन, कंपासचं टोक, आणि ज्योतिषातलं जामित्र (कुंडलीतलं सातवं स्थान) म्हणजे दिआमेत्रोस, व्यास. द्राख्मे नावाचं नाणं द्रम्म होऊन आपला दाम झालं. उलट दिशेने पिप्पली गेली आणि पेपेरि झाली.

यवन या ग्रीकांसाठीच्या आपल्या जुन्या शब्दातही अशीच खूण आहे. होमरमध्ये इआओनेस (आयोनियन ग्रीक) आहे, मधला व गळून गेलेला. यवन मध्ये आणि जुन्या पर्शियन यौन मध्ये तो व टिकलाय. म्हणजे हे नाव पूर्वेकडे पोचलं ते तो व अजून बोलला जात होता तेव्हा, किंवा जिथे बोलला जात होता तिथून.

मला नेहमी अशोकाचा कंदाहारचा लेख आठवतो, १९५८ मध्ये सापडलेला, ग्रीक आणि अरामाइक अशा दोन भाषांतला. ग्रीक लिहिणाऱ्याने धम्म साठी एउसेबेइआ (धर्मनिष्ठा) शब्द निवडला. आपण भाषांतर करतोय ती आणि आपली भाषा दूरची नातेवाईक आहे याचा त्या माणसाला पत्ताही नसणार.

आणि एक मोठा ढीग असा आहे जो इंडो-युरोपियनच नाही. समुद्राला थालास्सा, राजाला बासिलेउस, चक्रव्यूहासारख्या इमारतीला लाबुरिंथोस, आणि ते -न्थोस, -स्सोस वाले कोरिंथोस, क्नोसोस, पार्नास्सोस. ग्रीक बोलणारे तिथे पोचायच्या आधी जे लोक राहत होते त्यांच्या भाषेतले हे शब्द असं मानलं जातं. क्रीटची लिनियर ए लिपी अजून उलगडलेली नाही, तिच्यात काय भाषा आहे ते कळलं तर या ढिगावर बराच उजेड पडेल. तेव्हा ग्रीक कोशातला प्रत्येक शब्द संस्कृतशी जुळवायचा प्रयत्न करू नका, कितीतरी शब्द जुळणार नाहीत आणि ते बरोबरच आहे.

मृगनक्षत्र:

शेवटचं एक विचारते. आजची ग्रीक या चित्रात कुठे बसते? बोलीभाषा म्हणून ती ऐकते तेव्हा प्राचीनशी जोडणं जड जातं.

पैलतीर:

ती सरळ वंशज आहे, तीच शाखा, मध्ये तुटलेली नाही. एकच बोली वेगळ्या वाटेने आली, पेलोपोनीजमधली त्साकोनियन, ती डोरिक या प्राचीन ग्रीक बोलीमधून आली, बाकी सगळं अलेक्झांडरनंतर पसरलेल्या कोइने नावाच्या समान ग्रीकमधून. मॅसिडोनियनचा प्रश्न येईलच म्हणून सांगतो, प्राचीन मॅसिडोनियन ही ग्रीकची बोली की वेगळी बहीण यावर खूप वाद झाला. १९८६ मध्ये पेल्लाला, म्हणजे प्राचीन मॅसिडोनियाच्या राजधानीत, सापडलेला शिशाच्या पत्र्यावरचा शापलेख उत्तर-पश्चिमी धाटणीच्या ग्रीकमध्ये आहे, त्यामुळे बोलीच्या बाजूला वजन पडलंय. आजच्या उत्तर मॅसिडोनियाची भाषा मात्र स्लाव्हिक, तिचा याच्याशी संबंध नाही.

आजची ग्रीक ऐकताना वेगळी वाटते याचं एक कारण शेजार. बाल्कनमधल्या भाषा, म्हणजे ग्रीक, अल्बेनियन, बल्गेरियन, रोमानियन, या वेगवेगळ्या शाखांतल्या असूनही एकमेकींसारख्या झाल्यात. सगळ्यांत जुनं तुमन्त रूप (आपल्या ‘जायला’, ‘करायला’ सारखं) गेलं किंवा आक्रसलं, ‘मला जायला हवंय’ ऐवजी ‘मी जावं असं मी इच्छिते’ अशी रचना आली, आणि भविष्यकाळ ‘इच्छिणे’ या क्रियापदापासून तयार झाला. ग्रीकचा था हा थेलो पासून आलाय. हे साम्य वारशाचं नाही, शेकडो वर्षं एका गावात चार भाषा बोलल्या गेल्याचं आहे.

पण मला आजच्या ग्रीकमधली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तो अडागम. आपल्याकडे अभरत् मधला अ कधीच गेला, मराठीचा भूतकाळ गत, कृत अशा कृदन्तांपासून तयार झालाय, गेला, केला. ग्रीकमध्ये तो अजून रोजच्या बोलण्यात आहे. ग्राफो म्हणजे मी लिहितो, एग्राप्सा म्हणजे मी लिहिलं. त्यातला ए टिकलाय कारण आघात त्याच्यावर पडतो. आम्ही लिहिलं म्हणताना आघात पुढे सरकतो आणि तो ए गळतो, ग्राप्सामे. म्हणजे एकाच क्रियापदाच्या एकाच काळात तो काही रूपांत आहे आणि काही रूपांत नाही. पुढच्या वेळी ग्रीक बातम्या लावाल तेव्हा भूतकाळाच्या एकवचनात तो ए शोधा, एदोसा, एफेरा, एग्राप्सा, लगेच कानावर पडेल.